स्वस्तातली स्कूबा सहल
स्कूबा डायव्हिंगला जायचे, पण खिसा सांभाळून? मग केवळ विमानाचे तिकीट पाहू नका. एका बुडीमागे किती डॉलर पडतात ते पाहा. फ्लोरिडातील की लार्गोला मोटारीने जाता येते, पण प्रवाळखडक किनाऱ्यापासून मैलोगणती दूर, म्हणून बोटीचे भाडे आले. कॅरिबियनमधील बोनेर बेटाचे तिकीट महाग. मात्र १९७९ पासून संरक्षित असलेल्या तिथल्या समुद्रात किनाऱ्यावरूनच उतरता येते. शनिवार-रविवारसाठी की लार्गो, आठवडाभर रोज बुड्या मारायच्या असतील तर बोनेर.

एक खर्च मात्र वाचवू नका. अशा सहलीत शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. एक रात्र जास्त धरा आणि आपला आरोग्य विमा परदेशी चालतो का, ते आधीच विचारून घ्या.