दंड दोन हजारांचा, तारीख रावेरची

सावद्याहून फैजपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी दुचाकी अडवली. लायसन्स होतं, आरसी होती, विमा मात्र आठ महिन्यांपूर्वीच संपलेला. खिशात पैसे नव्हते, त्यात थोडी हुज्जत झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढे रावेरच्या कोर्टाचं समन्स आलं. नेमकी त्याच दिवशी केळीची कापणी, ट्रक बांधावर उभा. ‘दोन हजारांचीच तर केस, पुढच्या तारखेला बघू,’ असं म्हणून गडी मळ्यात गेला. हा कुणा एकाचा किस्सा नाही, नमुना आहे. खरी अडचण इथून सुरू होते, ती का, हे पाहू.

विमा संपल्याचं कळतच नाही

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा आणि नव्या कारचा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. शोरूमवाला तो गाडीच्या किमतीतच धरतो, त्यामुळे आपण विमा काढलाय हेच कित्येकांच्या ध्यानात राहत नाही. पाच वर्षं सरतात, गाडी चालतच असते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकात ७१४ रुपये आहे, वर जीएसटी. म्हणजे चुकतो तो बहुधा पैशांअभावी नाही, विसरल्यामुळे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी विम्याशिवाय गाडी चालवता येत नाही. शिक्षा कलम १९६ मध्ये आहे. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.

हे कलम चालवणाऱ्याला लागतं, तसंच चालवू देणाऱ्यालाही. सालदाराला ‘जा, मळ्यातून डबा घेऊन ये’ म्हणून विम्याविना गाडी दिली, तर मालकही त्यात येतो.

पोलिसांनी अडवल्यावर तिथेच उभं राहून मोबाइलवर पॉलिसी काढणारे हुशार लोक आहेत. पण पॉलिसी केव्हापासून लागू, हे तिच्यावरच छापलेलं असतं. आधी झालेला गुन्हा नंतरच्या पॉलिसीने पुसला जात नाही. विमा चालू होता आणि फक्त कागद जवळ नव्हता, तर गोष्ट वेगळी. तो मुदतीत दाखवता येतो, आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधली प्रतही चालते.

हातातला कागद कोणता, ते आधी बघा

इथे लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. ई-चलनाचा मेसेज म्हणजे समन्स नव्हे. ‘लोकअदालतीत येऊन दंड भरा’ अशी दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस आली आणि तुम्ही गेला नाहीत, तर त्या गैरहजेरीबद्दल वॉरंट निघत नाही. चलन मात्र थकीत राहतं आणि पुढे खटला होऊ शकतो.

समन्सवर कोर्टाचा शिक्का, खटल्याचा क्रमांक आणि हजर राहायची तारीख असते. असले खटले बहुधा ‘एस.सी.सी.’ म्हणजे समरी क्रिमिनल केस म्हणून नोंदलेले असतात. सोळा अंकी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे) समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येतं, त्यामुळे ‘पोलीस घरी आलाच नाही’ ही सबब आता तितकीशी टिकत नाही.

पुकारा झाला आणि कुणी उठलं नाही

शिपाई दारातून नाव पुकारतो. उत्तर आलं नाही, की रोजनाम्यात ‘आरोपी गैरहजर’ अशी ओळ पडते आणि नवी तारीख लागते. ही एक ओळच सगळ्याचं मूळ.

दिवाणी दाव्यात गैरहजर राहिलं तर एकतर्फी निकाल लागतो, हे आपल्याकडे जमिनीच्या वादांमुळे घरोघरी माहीत आहे. म्हणून लोक समजतात, इथेही तसंच होईल, दंडाची चिठ्ठी घरी येईल, भरून टाकू. फौजदारी खटल्यात तसं होत नाही. गैरहजर आरोपीवर खटला चालवण्याची सोय नव्या संहितेत आली आहे, पण ती दहा वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्याला लागत नाही, आणि तिथेही आरोपी फरार घोषित झालेला असावा लागतो. विम्याच्या केसमध्ये आरोपी येईपर्यंत फाइल तशीच पडून राहते, आणि त्याला आणण्यासाठी कोर्टाकडे वॉरंट असतं.

सहसा आधी जामीनपात्र वॉरंट निघतं. सावदा ठाण्याचा हवालदार घरी येतो, त्यात लिहिलेल्या रकमेचा बंधपत्र-जामीन घेतो आणि तारीख देऊन सोडतो. तीही चुकली, की अजामीनपात्र वॉरंट. मग ताब्यात घेऊन, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. मूळ गुन्हा जामीनपात्रच असतो, पण जामिनावर सुटून जो एकदा हजर झाला नाही, त्याला पुढच्या वेळी जामीन नाकारायचा अधिकार कोर्टाला आहे. शिवाय बंधपत्राची रक्कम जप्त होऊ शकते. आणि जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत. विमा नसल्याची तीन महिने आणि न येण्याची एक वर्ष, हा हिशेब एकदा मनात करून पाहावा.

वॉरंटला मुदत नसते. ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्टाने रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. निवडणूक आली की पोलीस जुनी अजामीनपात्र वॉरंटं काढून बजावायला घेतात, आणि चार वर्षांपूर्वी विसरलेला माणूस ऐन हळदीच्या दिवशी सापडतो. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्येही प्रलंबित फौजदारी खटला आणि निघालेलं समन्स वा वॉरंट, ही पासपोर्ट नाकारण्याची कारणं आहेत.

चुकलीच तारीख, तर

पोलिसांची वाट पाहू नका, स्वतःहून जा. वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा, सोबत कारणाचा पुरावा. दवाखान्याचा कागद असेल तर उत्तम. केळीची गाडी भरायची होती, हे कारण खरं असलं तरी कोर्टात फार वजनदार नाही. स्वतःहून आलेल्या माणसाचा अर्ज थोड्याफार खर्चावर मंजूर होतो, असाच सर्वसाधारण अनुभव. जामीनदार मागितला तर सातबारा किंवा घरपट्टीची पावती असलेला माणूस सोबत असावा.

त्याच दिवशी गुन्हा कबूल करून दंड भरता येतो. त्या दिवशी विमा चालू होता असं तुमचं म्हणणं असेल, तर मात्र कबुली देऊ नका, पॉलिसी दाखल करा. पुढची तारीख जमणार नसेल, तर वकिलाकडून हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी, पुकाऱ्याआधी, गेला पाहिजे. समन्सच नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे वकिलामार्फत हजर राहण्याची किंवा गुन्हा कबूल करून रक्कम पाठवून देण्याची मुभा त्यावर लिहिलेली असू शकते. तसं असेल तर रावेरची वीसेक किलोमीटरची खेपही वाचते.

अपघात झाला असेल तर

मग दोन हजारांची भाषा संपली. जखमीची किंवा मृताच्या घरच्यांची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, आणि विमा कंपनी नसल्याने ती चालक-मालकाच्या खिशातून जाते. शेत विकण्याची वेळ येते ती अशाने. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे, की अपघातातली विमा नसलेली गाडी पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायची नाही. तीन महिन्यांत हमी आली नाही, तर तिचा लिलाव होऊ शकतो.

पावती आणि एक हेलपाटा

दंड भरल्यावर पावती घ्या आणि निकालाची नक्कल काढून ठेवा. वॉरंट निघालेलं असेल, तर ते रद्द झाल्याचं कळवणारं कोर्टाचं पत्र सावदा ठाण्यात पोचलं का, हे स्वतः जाऊन विचारा. कोर्टात रद्द झालेलं वॉरंट ठाण्याच्या फाइलीत तसंच राहिलं, तर हवालदार पुन्हा दारात येतो. तेव्हा ती नक्कल कपाटातल्या सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवलेली बरी, ती पिशवी घरात कुणी हरवत नाही.