मुद्गलाचा झोका आणि कमरेचा कणा

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. तंजावरात 1855 पर्यंत भोसले घराण्याची गादी होती. त्यामुळे या मुलखात मराठी आणि तमिळ भाषा शेजारी शेजारी नांदल्या. मराठी तालमीत ज्याला मुद्गल म्हणतात, त्याच जातीचे लाकडी साधन तमिळ प्रदेशात 'करलाकट्टै' या नावाने ओळखले जाते. नावे दोन असली, तरी तत्त्व एकच आहे : वजन केवळ उचलायचे नाही, तर झुलवायचे.

झुलवण्याने काय साधते? मुद्गलाचा जड भाग मुठीपासून दूर असतो. तो एका बाजूस गेला, की शरीराला तिकडे ओढतो. परत फिरवताना ओढीची दिशा पालटते. ही ओढ हातांतून व खांद्यांतून धडापर्यंत पोहोचते. अशा वेळी धड डगमगू नये, म्हणून पोटाचे, कुशींचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात. चहूबाजूंनी ताणलेले दोर जसे डोलकाठीला उभे ठेवतात, तसे हे स्नायू कमरेच्या पाच मणक्यांना सावरतात.

आजकाल व्यायामासाठी मध्यभागी मूठ असलेली लवचीक पट्टीही वापरतात. ती हलवली, की तिची दोन्ही टोके थरथरू लागतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी या पट्टीचा धडाच्या स्नायूंवर व कण्यावर होणारा परिणाम अभ्यासून तो 2007 साली प्रसिद्ध केला. पट्टीचा झोका मोठा केला, की स्नायूंचे काम वाढते, असे त्यांत दिसले.

मात्र आवळलेले स्नायू कण्याला जसे सावरतात, तसे दाबतातही. झोक्याची लांबी तीच ठेवून गती दुप्पट केली, तर ओढ चौपट होते. म्हणून घाईने मारलेले हिसके कमरेला घातक ठरू शकतात.

शेतात वाकून काम करणाऱ्याला आणि पोती वाहणाऱ्याला कणखर कमरेची गरज अधिक असते. त्यांनी हलके साधन घ्यावे, पाय रोवून उभे राहावे, श्वास कोंडू नये आणि झोका संथ ठेवावा. कंबर आधीच दुखत असेल, तर प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुद्गल किती जड आहे, यापेक्षा तो फिरत असताना धड किती स्थिर आहे, यावरच या व्यायामाचे खरे यश अवलंबून असते.