काचीगुड्यात एक मराठी खोली हवी

काचीगुडा स्टेशनाची इमारत १९१६ सालची, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातली. मनमाड, परभणी, नांदेडकडून हैदराबादला येणाऱ्या मराठी माणसाला हे स्टेशन पिढ्यानपिढ्या ओळखीचे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. शिक्षण, कोर्टकचेरी, नोकरी यांसाठी आलेली कुटुंबे काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांत स्थिरावली. १९०७ मध्ये विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेची स्थापना झाली. पुढे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मराठी साहित्य परिषदही उभी राहिली. गणेशोत्सवापासून व्याख्यानमालांपर्यंत सगळे या समाजाने परमुलखात जपले. घरातल्या दारूबद्दल मात्र बोलायला त्याने जागा केली नाही.

हे दुखणे काही मोजक्या घरांचे नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक देशात आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळतात. उपाय म्हणून दारूबंदीचा मार्ग तेव्हाच्या अखंड आंध्रने चोखाळून पाहिला आहे. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बायकांनी १९९२ मध्ये अरक या देशी दारूविरुद्ध चळवळ पेटवली, १९९३ मध्ये अरकावर बंदी आली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी झाली आणि १९९७ मध्ये ती उठली. त्या बायकांचे धैर्य मोठेच होते. पण दुकान बंद असो वा उघडे, ज्याला व्यसन जडले आहे त्याला उद्याची सकाळ न पिता काढायला सोबत लागतेच.

ती सोबत देणारी सर्वांत पसरलेली व्यवस्था म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात ‘एए’. तिची सुरुवातच मुळी सोबती शोधण्यातून झाली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात कामासाठी गेला होता. काम फसले. नुकतीच सुटलेली दारू पुन्हा खुणावू लागली. हॉटेलातल्या बारकडे वळण्याऐवजी तो फोनकडे गेला आणि चर्चच्या लोकांना एकामागून एक विचारत सुटला : या गावात दारूने गांजलेला कोणी आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल? त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. पंधरा मिनिटे बसायचे म्हणून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला आणि तोच एएचा स्थापनादिन ठरला. भारतात हे काम १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झाले.

एएच्या मीटिंगची रीत साधी आहे. साधारण तासदीड तास बसायचे. ज्याला सांगायचे आहे तो आपली कहाणी सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. नवा माणूस नुसता ऐकत बसला तरी चालते. फी नाही, आडनाव विचारायचे नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. याचा उपयोग होतो का, हे शास्त्राने तपासले आहे. २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण यांचा आढावा घेणारा कॉक्रेन या आरोग्यसंशोधन संस्थेचा अहवाल २०२० मध्ये आला. एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभराने पूर्ण दारूमुक्त राहिलेले ४२ टक्के होते, इतर उपचारांत ३५ टक्के.

पण ही मीटिंग सहजी दिसत नाही. नाव गुप्त ठेवणे हा एएचा पाया आहे. पाटी बहुधा नसते, जाहिरात क्वचितच असते, खोली सहसा शाळेची किंवा चर्चची असते. म्हणून ती बहुधा माणसामार्फत शोधावी लागते. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक आहे. एर्रागड्ड्याच्या सरकारी मानसोपचार संस्थेत किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही विचारता येते. एएच्या माणसाला फोन लागला, तर नवख्याला सोबत घेऊन जाणे तो आपल्याच सोबर राहण्याचा भाग मानतो. घरच्यांनी ‘ओपन’ मीटिंग कोणती, ते विचारावे. तिथे त्यांनाही बसता येते. त्यांच्यासाठी १९५१ पासून ‘अल-अ‍ॅनॉन’ ही वेगळी चळवळही आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबू नये. दारू तुटल्यावर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

राहिला भाषेचा प्रश्न. हैदराबादेतला मराठी माणूस बाजारात दखनी बोलतो, कचेरीत तेलुगू-इंग्रजीवर निभावतो. पण बायकोच्या मंगळसूत्रावर पैसे उचलल्याची, मुलाच्या फीचे पैसे पिऊन टाकल्याची कबुली माणूस मायबोलीतच देऊ शकतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणसाशी त्याच्या भाषेत, त्याचा मान राखून बोलले की काय घडते, ते महाराष्ट्राने तिथे पाहिले आहे.

म्हणून हैदराबादच्या मराठी संस्थांना एकच विनंती. आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली आणि वीसेक खुर्च्या द्या. फुकट नकोत, एए बाहेरची देणगी घेत नाही, सभासदांनी स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीतून भाडे भरते. संस्थेचे नाव कुठे जोडले जाणार नाही, कोण येते याची नोंद ठेवावी लागणार नाही. मराठीत मीटिंग घेणारी दोन सोबर माणसे पुढे आली की गट सुरू होतो. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या घरी हे दुखणे आहे, त्याने त्या खोलीची वाट पाहू नये. मीटिंग कोणत्याही भाषेतली असो, आजच फोन करावा.