जीपगाडीची मागची काच फुटली तर...



उसाची तोड सुरू झाली की आमच्या शेतकी खात्याच्या गाड्यांना डांबरी रस्ता क्वचितच मिळतो. पांदण, नाल्याचा उतार, धानाच्या बांध्यांमधली वाट आणि समोर उसाने लादलेली ट्रॉली, यातूनच गाडी काढावी लागते. पुष्कळ सभासदांकडेही आता जीप, बोलेरो किंवा थार आहे. गाडीचे इंजिन, टायर, बॅटरी यांची काळजी सगळेच घेतात. पुढची काच तडकली तर मालक त्याच दिवशी धावपळ करतो, कारण रस्ता दिसत नाही. मागची काच फुटली तर मात्र खताचे रिकामे पोते बांधले जाते आणि हंगाम तसाच काढला जातो. ‘काच गेली त गेली, गाडी त चालते ना जी!’ असे म्हणणारे आम्ही अनेक पाहिले. आज या ‘चालते’ची थोडी चिकित्सा करू.

पोते बांधल्याने काय होते?

गेल्या हंगामात सिहोऱ्याकडच्या एका पांदणीत गाडी मागे घेताना ट्रॉलीचा लोखंडी अँगल मागच्या काचेला लागला. क्षणात काचेचे दाणे झाले. हंगामाची घाई, म्हणून तिथे पोते आले. आठ-दहा दिवसांनी मागच्या बाकावर बसणारा चिटबॉय म्हणाला, ‘सायेब, मांगं बसलो का डोकं भनभन करते जी.’ जागरणाने होत असेल, असे आधी सगळ्यांना वाटले. पण पुढे बसले की डोके दुखत नाही, मागे बसले की दुखते, हे त्यानेच दोन-तीनदा ताडून पाहिले होते. चौकशी केली तेव्हा कारण पोत्यातच सापडले.

गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथे भोवरा तयार होतो. चाकांनी उडवलेली धूळ आणि सायलेन्सरचा धूर त्या भोवऱ्यात सापडतो. मागे भोक असेल तर तो सरळ गाडीत ओढला जातो. कच्च्या रस्त्यावर मागचा पडदा उघडा ठेवून जीप चालवली की धूळ पुढून न येता मागून आत येते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. धूळ दिसते म्हणून आपण नाकाला रुमाल लावतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मग मळमळते, सुस्ती येते. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरे, पण काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड भरपूर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातला.

आता विचार करा, मागच्या बाकावर बसते कोण? साहेब पुढे बसतात. मागे बसतो चिटबॉय, मागे बसतात टोळीतले मजूर, आणि रात्री-अपरात्री कोप्यांवरून एखादे तापलेले लेकरू तुमसरच्या दवाखान्यात न्यायचे झाले तर त्याची आईही मागेच बसते. काच फुटलेली दिसते मालकाला, धूर मिळतो दुसऱ्याला. म्हणून हा विषय आम्ही केवळ गाडीच्या देखभालीचा समजत नाही.

काचेचे दोन प्रकार

मोटारीत दोन जातींच्या काचा येतात. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा. दगड लागला तर ती तडकते, पण तुकडे पडद्याला धरून राहतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेडिक्टस याने अशा काचेचे पेटंट १९०९ साली घेतले.

मागची आणि बाजूची काच बहुधा टफन्ड असते. काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर एकदम थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गोठतो, आतला भाग मागाहून आकसतो, त्यामुळे काच स्वतःच्याच ताणात आवळलेली राहते. अशी काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण तिची कड नाजूक असते आणि टोकदार लोखंड लागले की सगळा ताण एकदम सुटतो. म्हणून ती तडकत नाही, तिचे ज्वारीच्या दाण्यासारखे बोथट तुकडे होतात. हे तुकडे खरचटतात, पण पात्यासारखे कापत नाहीत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही की तिला भोकही पाडता येत नाही. ‘थोडी मोठी आणा, कापून घेऊ’ हे चालत नाही. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. घराच्या खिडकीची साधी काच कापून गाडीला कधीही बसवू नका. ती स्वस्त पडते, बाजारात तासाभरात मिळते, पण फुटली की सुरीसारखी पाती होतात आणि ती मागे बसलेल्याच्या मानेजवळ असतात. जुन्या जीपच्या पत्र्याच्या टपाला सपाट काच असेल तर लॅमिनेटेड काच मापाने कापून मिळते. ती बसवावी. ॲक्रिलिकचा पत्रा तात्पुरता ठीक, पण धुळीने त्यावर ओरखडे पडतात आणि रात्री मागच्या गाडीचा उजेड पसरून काहीच दिसत नाही.

फुटल्याबरोबर काय करावे?

गाडी बाजूला घ्या. हाताने तुकडे वेचू नका, जाड हातमोजे किंवा गोणपाट वापरा. पुसण्याआधी फोटो काढून ठेवा, विम्याला लागतात. मागच्या दाराच्या पोकळीत आणि रबराच्या खाचेत दाणे अडकलेले असतात. ते राहिले तर नवी काच पहिल्याच खड्ड्यात कडेला घासून फुटू शकते. तात्पुरते झाकण करायचे तर जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, पत्रा कोरडा पुसून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. पोते नको, त्यातून धूर येतो आणि मागचे दिसतही नाही. तोपर्यंत पुढच्या खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे आत ताजी हवा येत राहील, आणि मागे माणसे बसवू नका.

काच मागवताना

तुमसरात नेमकी काच नसली तर भंडारा किंवा नागपूरहून मागवावी लागते. फोनवर नुसते ‘बोलेरोची मागची काच’ म्हणू नका. गाडीचे मॉडेल, बनावटीचा महिना व वर्ष आणि चासी नंबर सांगा. काचेत तापणाऱ्या तारा आहेत का, वायपरचे भोक आहे का, काच साधी आहे की हिरवट, हेही सांगा. नाहीतर काच येते, बसत नाही आणि आणखी चार दिवस जातात. काच हातात आली की कोपऱ्यावरचा शिक्का पाहा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक असावा. शिक्का नसलेली काच परत करा.

रबरात बसणारी काच

जुन्या जीप जातीच्या गाड्यांत काच रबरी पट्टीत बसते. हे काम दोन माणसांचे आहे, एकट्याने करू नये.

आधी जुने रबर काढून पत्र्याची कड पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथे हमखास गंज असतो. तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइड लावा, वर रंग द्या, पूर्ण वाळू द्या. हा एक दिवस वाचवला तर पुढे पाणी झिरपून दाराचा तळ सडतो. जुने रबर कडक झाले असेल तर नवे घ्या.

मग रबर काचेभोवती चढवा. रबराच्या ज्या खाचेत पत्रा बसायचा, त्या खाचेत मजबूत नायलॉनची दोरी चारही बाजूंनी भरा आणि दोन्ही टोके खाली मधोमध एकमेकांवरून बाहेर ठेवा. खाचेला साबणाचे पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते. एकाने काच बाहेरून चौकटीवर टेकवून तळहाताने दाबावी, दुसऱ्याने आतून दोरीचे टोक हळूहळू ओढावे. दोरी निघत जाते तशी रबराची ओठळी पत्र्यावर आत येऊन बसते. कुठे अडले तर थांबा, पुन्हा साबण लावा. हातोडी किंवा पेचकस काचेच्या कडेला लावला की मेहनत वाया गेली समजा. शेवटी पाइपने पाणी मारून आतून पाहा.

चिकटवलेली काच

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत काच युरेथेन गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण आपले लक्ष असू द्या. जुन्या गोंदाचा एक-दोन मिलिमीटर थर ठेवून बाकीचा कापावा, उघड्या पत्र्याला प्रायमर लावावा, काचेच्या कडेला हात लागू देऊ नये. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. नळीवर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत गाडी हलवू नका. पहिला दिवस एक खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद गाडीचे दार आपटले तर आतल्या हवेच्या दाबाने ओली काच सरकते.

ताडपत्रीच्या हुडाची खिडकी

भारतात जीप जोडली जाऊ लागली तेव्हापासून ताडपत्रीचा हूड आपल्या ओळखीचा आहे. थारच्या कापडी टपालाही मागे पारदर्शक प्लॅस्टिकच असते. उन्हाने ते पिवळे पडते, मग तडकते. त्यासाठी सगळा हूड बदलण्याची गरज नाही. सीटकव्हर शिवणारा कारागीर तेवढाच तुकडा उसवून नवे जाड प्लॅस्टिक पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवून देतो. पुढे ते टिकवायचे तर धूळ आधी पाण्याने धुवा, कोरडे घासू नका, रॉकेल-पेट्रोल लावू नका आणि गुंडाळताना मध्ये मऊ कापड ठेवा.

विमा घ्यावा की खिशातून भरावे?

फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर काचेचे काही मिळत नाही. संपूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, हा फायदा. पण हिशेब करून पाहा. खाजगी गाडीचे इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे असेल तर २००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात. दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ही जातो. तो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. समजा, गाडीच्या नुकसानीपोटी हप्ता ८००० आहे आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के बोनस मिळणार आहे, म्हणजे ३६०० रुपये. काचेचा खर्च ५००० आला तर दाव्यातून ३००० मिळतील आणि ३६०० जातील, शिवाय बोनसची शिडी पुन्हा तळापासून चढावी लागेल. अशा वेळी खिशातून भरलेले बरे. बोनस नुकताच सुरू झाला असेल किंवा काच महाग असेल तर दावा करावा.

नव्या काचेवर काळी फिल्म लावण्याचा आग्रह दुकानदार धरतो. मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जावा असा मोटार वाहन नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मला मनाई केली. तेव्हा त्या नादी लागू नये.

सभासदांना विनंती

आमच्या पाहण्यात मागच्या काचा बहुतेक गाडी मागे घेताना फुटतात. ट्रॉलीबाहेर ऊस किंवा अँगल येत असेल तर त्याला लाल फडके बांधा, रात्री परावर्तक लावा. पांदणीत गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरवा. कोयते, पहार, पाइप गाडीत ठेवताना टोके काचेकडे करू नका.

आणि एवढे करूनही काच फुटलीच, तर ती हंगाम संपल्यावर नव्हे, त्याच आठवड्यात बसवून घ्या. आमच्या त्या गाडीला काच बसली त्या दिवसापासून चिटबॉयचे डोके दुखायचे थांबले. मागच्या बाकावर बसणारा माणूस सहसा तक्रार करत नाही. गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने एकदा स्वतः मागे बसून पाच मैल जाऊन पाहावे, म्हणजे काचेची किंमत कळेल.