टेनर आहे का कुणी टेनर?

गाण्याच्या रिअॅलिटी शोमध्ये ‘तुझा आवाज शंभरांत ओळखू येतो’ असं परीक्षक म्हणाले की टाळ्या पडतात. कॉयरमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांच्या ताफ्यात, हेच वाक्य तक्रार असते. चाळीस जण गात असताना तुमचा एकट्याचा गळा ऐकू आला, तर कंडक्टर (तिकीट न फाडणारा) हात थांबवून तुमच्याकडे बघतो. एकट्याने गायची छाती नसलेल्यांसाठी म्हणूनच ही झकास जागा. विद्यापीठांच्या आणि गावोगावच्या हौशी कॉयरमध्ये बरेचदा आवाजाची चाचणीच नसते. असली, तरी पुष्कळदा तुम्हाला कुठल्या रांगेत उभं करायचं एवढंच त्यात ठरतं.

रांगा चार. बायकांचे चढे आवाज सोप्रानो, खालचे आल्टो. पुरुषांचे चढे टेनर, खालचे बास. जगभरच्या हौशी कॉयरची एक रड सारखीच: टेनर मिळत नाहीत. बहुतेक पुरुषांचा गळा मधल्या पट्टीतला, त्यामुळे ते मुकाट बासमध्ये जाऊन उभे राहतात आणि टेनरची ओळ कधी कधी आल्टोतल्या काकू सांभाळतात. वरचे सूर सहज लागणारा पुरुष दारात दिसला की त्याचं जावयासारखं स्वागत होतं.

गोव्यातला अँथनी

गोवा विद्यापीठाचा कॉयर याच जातीचा: विद्यार्थी आणि बाहेरची हौशी मंडळी एकाच रांगेत. तो उभा केला सांतियागो लुसार्दी जिरेली या अर्जेंटिनाच्या कंडक्टरने. ताळगावच्या पठारावरच्या या विद्यापीठात तो पाश्चात्त्य संगीताच्या ज्या अध्यासनावर आला, त्याला नाव आहे अँथनी गोन्साल्विस यांचं. हो, ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातलेच! माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. 1977 च्या त्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव अमिताभच्या तोंडी घातलं. इतकी ऐटबाज गुरुदक्षिणा दुसरी सांगा.

मुंबईतही ही हौस जुनी आहे. व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 मध्ये परंज्योती अकॅडमी कोरस सुरू केला. त्यांच्यामागे 1967 पासून कूमी वाडिया यांनी तो पुढे चालवला. बाई कंडक्टर म्हणजे तेव्हा परदेशातही नवल होतं.

नोटेशन येत नाही? चालेल

कागदावरच्या पाच रेघा आणि त्यांवरचे काळे ठिपके बघून बिचकणाऱ्यांनी सेरा ग्लोव्हर या इंग्लिश बाईंचे आभार मानावेत. नॉर्विचमध्ये मुलांना शिकवता शिकवता त्यांनी सुरांची सोपी अक्षरी लिपी बसवली. 1840 नंतर जॉन कर्वेन या पाद्र्याने ती सुधारून गिरणी कामगारांपासून मिशनच्या शाळांपर्यंत पोचवली. यातला पहिला सूर ‘डो’ कुठल्याही उंचीवर धरता येतो. आपला ‘सा’ काळी एकचा असो की पांढरी चारचा, सा तो साच, तसंच. लहानपणी पेटीवर सरगम घोटलेल्या मराठी माणसाला ही लिपी दोन बैठकांत कळायला हरकत नाही. आपण उगाच घाबरतो.

खरी अडचण वेगळीच. पेटी-पियानोची साथ नसली की कॉयर हळूहळू खाली उतरतो, आणि सगळे मिळून उतरत असल्याने कुणाला पत्ताही लागत नाही. शेवटी पियानोवर सूर वाजवून बघितला की सगळ्यांचे चेहरे पडतात. आपल्याकडे तंबोरा पाठीशी बसून ही चोरी होऊ देत नाही.

श्वासाची गंमत तर ऐकाच. एखादा सूर मिनिटभर अखंड चालतो तेव्हा कुणाचेही फुप्फुस तेवढे मोठे नसते. शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, एवढाच नियम. ओळीच्या मध्येच गुपचूप थांबायचं, दम घ्यायचा आणि हळूच परत शिरायचं. आणि शब्दाच्या शेवटी ‘स’ आला तर जपून! चाळीस जणांनी तो आपापल्या वेळी सोडला, तर सभागृहात नाग निघाल्यासारखं वाटतं. म्हणून काही कंडक्टर सांगतात, ‘स’ दोघांनीच म्हणा, बाकीच्यांनी गिळा.

हौश्यांनी बाख वाचवला

हौशी म्हणजे कच्चे, असं समजणाऱ्यांसाठी बर्लिनची गोष्ट. तिथली ‘झिंग-अकाडेमी’ ही 1791 पासूनची हौशी गायकांची संस्था, आणि सुरुवातीपासून बायका-पुरुष एकत्र गाणारी. 1820 मध्ये तिच्या आल्टोंच्या रांगेत एक अकरा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला: पुढचा संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन. नऊ वर्षांनी, 11 मार्च 1829 रोजी, याच कॉयरला घेऊन त्याने संगीतकार बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केलं. बाख जाऊन पाऊण शतकाहून जास्त काळ लोटला होता आणि ही रचना जवळपास विस्मरणात गेली होती. तिकिटं संपली, दहा दिवसांनी बाखच्या वाढदिवशी प्रयोग पुन्हा करावा लागला. बाख आज सगळीकडे वाजतो, त्याची मोठी सुरुवात या हौशी मंडळींच्या तालमीतून झाली.

हौशी कॉयर आवडीने गातात त्या हँडेलच्या ‘मसाया’चीही जन्मकथा मजेशीर. एप्रिल 1742 मध्ये डब्लिनला पहिला प्रयोग होता. जागा पुरावी म्हणून बायकांनी घेरदार झग्याखालच्या कड्या आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी जाहीर विनंती केली होती. सातशे माणसं मावली, आणि जमलेल्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या 142 जणांची सुटका झाली. त्यातल्या ‘हालेलुया’ला पुढे एका प्रयोगात राजा उठून उभा राहिला म्हणून सगळे उभे राहतात, ही कथा मात्र राजा तिथे होता याच्या त्या वेळच्या पुराव्याशिवायच चालू आहे. तुम्ही खुशाल उभे राहा.

ही हौस युरोपापुरती नाही. जपानमध्ये बेथोव्हनची नववी सिंफनी (शेवटी कॉयर गातो ती) पहिल्यांदा पूर्ण वाजली ती 1 जून 1918 रोजी नारुतोजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. जर्मन कैदीच गायक. बाई एकही नाही, म्हणून बायकांच्या ओळीही पुरुषांसाठी बेतल्या. आज ओसाकात दर डिसेंबरला 10,000 हौशी लोक ती एकत्र गातात. एस्टोनिया हा चिमुकला देश तर 1869 पासून गाण्याचे उत्सव भरवतो आणि आता एका वेळी तीसेक हजार गायक मैदानात उभे करतो. सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या त्यांच्या लढ्याला नावच ‘गाणारी क्रांती’ पडलं.

एकत्र गाण्याने नेमकं काय होतं हे बघायला स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात 2013 मध्ये एक छोटा प्रयोग झाला. एकत्र गाताना श्वास एका लयीत येतो आणि त्याबरोबर गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही एकत्र वरखाली होतात, असं त्यात दिसलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नव्या गटांची तुलना केली, तेव्हा गाणाऱ्यांची गट्टी हस्तकला किंवा लेखन शिकणाऱ्यांपेक्षा लवकर जमली. पुढे सगळ्यांचीच जमते, म्हणा.

तेव्हा जवळपास कॉयर असेल तर एक तालीम नुसती बसून ऐका, दुसरीला नाव द्या. जाताना पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर न्या. श्वास कुठे घ्यायचा याबद्दल कंडक्टरचं मत दर आठवड्याला बदलतं.