शर्यतीच्या वाटेवर कोणती मोटार न्यावी?

इंग्लंडांत मोटारींच्या शर्यतींसाठीं बांधलेले जे रस्ते आहेत, त्यांवर वर्षांतील पुष्कळ दिवस शर्यत नसते. अशा मोकळ्या दिवशीं ठरलेली फी भरून कोणाही परवानाधारक गृहस्थास आपली स्वतःची मोटार तेथें नेऊन वेगानें हांकतां येते. ह्या दिवसास तिकडे ‘ट्रॅक डे’ असें म्हणतात. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, कॅसल कोम हीं त्यांपैकीं प्रसिद्ध ठिकाणें. दुसऱ्या महायुद्धांत ह्या तिन्ही ठिकाणीं लष्करी विमानांचे तळ होते. युद्ध संपल्यावर त्या सपाट जागेचा असा उपयोग झाला, आणि सिल्व्हरस्टोन येथें तर १९४८ सालींच ब्रिटिश ग्रां प्री शर्यत भरली.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कां यावा, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. कारण असें घडलें कीं, आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आज इंग्लंडांतील एका रुग्णालयांत नोकरीस आहे. तीन वर्षें काटकसर करून त्यानें कांहीं रक्कम जमविली असून तींतून ‘रेसिंग प्यूमा’ नांवाची एक दुर्मिळ, लहान कूपे घ्यावी व ती ट्रॅक डेच्या कामीं लावावी असा त्याचा मानस आहे. (कूपे म्हणजे दोन दारांची, मागें उतरत्या छपराची बंद गाडी, मूळ शब्द फ्रेंच, व त्याचा अर्थ ‘कापलेली’.) ही वार्ता ऐकून त्याच्या मातोश्री आमच्याकडे आल्या व “सर, त्याला ह्या वेडापासून आवरा, तो तुमचें ऐकेल,” असें म्हणाल्या. आम्हीं त्यास जें सविस्तर पत्र लिहिलें, त्यांतील विवेचन इतरांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों. मायलेकांपैकीं कोणाचेंच म्हणणें आम्हांस सर्वस्वीं पटलें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

प्रथम मातोश्रींच्या भीतीविषयीं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तेथें कोणी घड्याळ लावून बसत नाहीं, क्रमांक काढीत नाहीं, बक्षीस देत नाहीं. सकाळीं सर्व चालकांस एकत्र बसवून नियम समजावून देतात, आणि मग सावकाश दोनतीन फेऱ्या मारून वळणें दाखवितात. पुढच्या गाडीस ओलांडावयाचें तें ठरलेल्या बाजूनें, बहुधा सरळ पट्ट्यावरच, आणि तेंही तिच्या चालकानें वाट दिल्यावर. पिवळें निशाण दिसलें कीं सावध व्हावयाचें व ओलांडणें बंद करावयाचें. लाल दिसलें कीं वेग उतरवून आवारांत परत यावयाचें. हेल्मेट सक्तीचें असतें. गाडीच्या आवाजासही मर्यादा असते, व ती सुटली तर भरलेली फी सोडून घरीं परतावें लागतें. समोरून ट्रक येत नाहीं, गुरें आडवीं येत नाहींत, मुलें चेंडूमागें धांवत नाहींत. घाटांतून मोटारसायकली पिटाळणाऱ्या आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं चिरंजीवांपेक्षां तो तेथें अधिक सुरक्षित असेल, असें त्या माउलीस सांगतांना आम्हांस मुळींच संकोच वाटला नाहीं.

तथापि धोका नाहींच असें म्हणणें खोटें होईल. केंट परगण्यांतील ब्रँड्स हॅच येथें ‘पॅडॉक हिल’ नांवाचें पहिलेंच वळण उजवीकडे वळतां वळतां असें खालीं कोसळतें कीं नवख्याच्या पोटांत गोळा यावा. अशा ठिकाणीं गाडी घसरून कठड्यावर आदळली तर होणारा खर्च ज्याचा त्यानेंच सोसावयाचा असतो, कारण रस्त्यावरच्या नेहमींच्या विम्यांत ट्रॅक डे बहुधा धरलेला नसतो. म्हणून गाडी निवडतांना पहिला प्रश्न ‘ती किती पळते’ हा नसून ‘ती आज सायंकाळीं मोडून पडली तर मला सोसेल काय’ हा आहे.

आतां लहान गाडीच कां, तें पाहूं. ट्रॅकवर खरी परीक्षा होते ती उष्णतेच्या बाबतींत. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेलें गतिज ऊर्जेचें सूत्र मुलांनीं येथें आठवावें: वस्तुमान गुणिलें वेगाचा वर्ग, भागिलें दोन. चालकासह १,११० किलो वजनाची गाडी ताशीं १६० किलोमीटर वेगानें येत आहे व वळणापूर्वीं तिचा वेग ८० वर आणावयाचा आहे असें समजा. वाऱ्याचा विरोध हिशेबांत न धरल्यास ब्रेकांना एका दमांत सुमारे ८,२२,००० जूल ऊर्जा उष्णतेच्या रूपानें गिळावी लागते. एवढ्या उष्णतेनें वीस अंशांचें जवळजवळ अडीच लिटर पाणी उकळीस येईल! गाडी १,७७० किलोची असेल, तर तेंच पाणी जवळजवळ चार लिटर. आणि हें एका वळणाचें झालें. फेरींत अशीं वळणें अनेक, व फेऱ्याही अनेक. म्हणून जड व बलाढ्य गाडी पहिल्या दोन फेऱ्यांत सर्वांच्या पुढें जाते व तिसऱ्या फेरीस धुराचा वास सोडीत आवारांत येऊन उभी राहते, असा प्रकार तेथें वारंवार दिसतो. हलक्या गाडीचे टायर कमी झिजतात, ब्रेक कमी तापतात, पेट्रोल कमी लागतें, आणि चालकास दिवसभर शिकावयास मिळतें. लहान गाडी हवी ही आमच्या विद्यार्थ्याची निवड येथवर बिनचूक आहे.

प्यूमा ही गाडी फोर्ड कंपनीनें १९९७ सालीं काढली. ती जर्मनींतील कोलोन येथें बनत असे. खालचा सांगाडा व चालीचे बरेचसे भाग फिएस्टा नांवाच्या साध्या घरगुती गाडीचे. वरचें अंग मात्र नांवास शोभेल असें मार्जारकुळांतलें, वाटोळें व दबा धरून बसलेलें. तिच्या १.७ लिटर एंजिनाच्या घडणींत जपानच्या यामाहा कंपनीचा हात होता, व त्यापासून १२५ अश्वशक्ति मिळे. वजन १,०४० किलोच्या आसपास. हे आंकडे पाहून कोणी थक्क होणार नाहीं. परंतु वळणांत ती चालकाच्या मनाप्रमाणें वागते, व सुकाणू आणि गिअर हातास लागलीच उत्तर देतात, अशी तिची त्या काळापासून ख्याति आहे. तिच्या जाहिरातींत १९८० सालींच दिवंगत झालेल्या स्टीव्ह मॅक्वीन ह्या नटास त्याच्या १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटांतून उचलून यंत्राच्या करामतीनें प्यूमांत बसविलें होतें. गाडी इतकी चांगली असतां मृतांस कामास लावण्याची काय गरज होती, हें आम्हांस कळत नाहीं. पुढें चारपांच वर्षांतच तिचें उत्पादन थांबलें. २०१९ सालीं फोर्डनें हेंच नांव एका उंच बांध्याच्या निराळ्या गाडीस दिलें. तिचा येथें संबंध नाहीं.

रेसिंग प्यूमा ही ह्याच गाडीची विशेष आवृत्ति. १९९९ व २००० ह्या दोन सालांत अशा फक्त ५०० गाड्या टिकफर्ड कंपनीकडून सजवून घेण्यांत आल्या. सर्व निळ्या, सर्व ब्रिटनपुरत्या. चाकांवरील पत्रा फुगवून रुंद केलेला, चाकें सतरा इंची, पुढें आल्कॉन कंपनीचे मोठे ब्रेक, स्पार्कोच्या कुशीदार बैठका, आणि एंजिनाची शक्ति १५५ पर्यंत वाढविलेली. किंमत २२,७५० पौंड होती. तेवढ्यांत त्या वेळीं सुबारूची चारही चाकें ओढणारी टर्बो इम्प्रेझा मिळत असे. म्हणून गिऱ्हाइकें फारशीं वळलीं नाहींत, व जी गाडी तेव्हां खपतां खपली नाहीं तिच्यासाठीं आज संग्राहक साध्या प्यूमाच्या कित्येक पट किंमत मोजतात.

आमचें म्हणणें असें कीं दुर्मिळपणा दोन प्रकारचा असतो. एक मुळांत थोड्या निपजल्यामुळें आलेला, व दुसरा पुष्कळ निपजून हेळसांडीनें नाहींशा झाल्यामुळें आलेला. साधी प्यूमाही आज इंग्लंडच्या रस्त्यांवर क्वचितच दिसते. गंजानें तिच्या पिढीच्या पिढ्या भंगारांत घातल्या. पण तिचे ब्रेक, बुश, स्प्रिंगा झिजल्या तर फिएस्टाच्या कुळांतून कोणताही मिस्त्री त्या थोडक्या पैशांत आणून बसवील. रेसिंग प्यूमाचे पुढचे रुंद पत्रे मात्र तिच्याखेरीज कोणत्याच गाडीस नाहींत. त्यांतील एक चेपला तर पैसे हातांत घेऊन महिनोन्महिने शोध करावा लागेल. ट्रॅक डेवर गाडी झिजणारच. तें तिचें तेथील कामच आहे. जी वस्तु झिजवावयाची तिचे झिजणारे भाग मुबलक असावेत, हा विचार आमच्या विद्यार्थ्यानें केलेला दिसत नाहीं. तीस अश्वशक्ति अधिक मिळाव्यात म्हणून तीन वर्षांची सगळी शिल्लक घालावी, आणि मग पॅडॉक हिलच्या तोंडाशीं येतांच ‘पांचशेंपैकीं एक माझ्या हातीं आहे’ ह्या चिंतेनें पाय आंखडता घ्यावा, ह्यांत शिकणें कोणतें?

ह्यावर त्यानें उलट उत्तर पाठविलें तें मार्मिक होतें. गाडी झांकून ठेवणें म्हणजे धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराप्रमाणें वागणें नव्हे काय, असें तो विचारतो. शाळा सोडून इतकीं वर्षें झालीं तरी शास्त्रांतील दाखले त्याच्या ध्यानांत आहेत ह्याचा आम्हांस आनंद झाला. परंतु त्या दाखल्यांतील इतर दोघां चाकरांनीं तें द्रव्य व्यापारांत घातलें होतें. विहिरीच्या कांठावर बसून तें उडवीत-झेलीत बसले नव्हते. ज्याच्यापाशीं रेसिंग प्यूमा असेल त्यानें ती जरूर चालवावी. रविवारीं उपासनेहून परततांना दूरच्या वाटेनें घरीं यावें. तोही उपयोगच. फक्त ज्याचें पुनः मिळणें दुरापास्त आहे तें कठड्याजवळ नेऊं नये.

तेव्हां साधी १.७ प्यूमा घ्यावी, असा सल्ला आम्हीं दिला. १.४ व १.६ च्या एंजिनाच्याही निघाल्या होत्या, पण त्या ह्या कामास मंद. घेतांना रंगास भुलूं नये. मागच्या चाकांवरील कमानी व दारांखालचा उंबरठ्याचा पत्रा बोटांनीं दाबून पाहावा. तेथें फुगवटा दिसला तर आंत गंज माजला आहे असें समजावें. एंजिनाच्या नळकांड्यांस आंतून निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा पातळ लेप असतो. तो खरवडला गेला तर साध्या बिडाच्या एंजिनाप्रमाणें नळकांडें कातून भागत नाहीं. म्हणून तेल वेळच्या वेळीं व योग्य जातीचेंच घातल्याच्या पावत्या मागाव्या. एंजिनाचा दांतेरी पट्टा केव्हां बदलला तेंही विचारावें. वरून ओशट पण अंगानें घट्ट अशी गाडी चकचकीत पण पोखरलेल्या गाडीहून लाखपट बरी.

उरलेले पैसे एंजिनाची शक्ति वाढविण्याकडे न घालवितां टायर, ब्रेकचे पॅड, ब्रेकचें तेल व तेथेंच मिळणारा तासभराचा शिक्षक यांवर खर्चावे. ब्रेकच्या तेलाविषयीं मुलांस गंमत वाटेल. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट चार’ प्रतीचें ताजें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. तेंच ओलावलें कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. उकळल्यावर त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाहीं, वाफ दबते. त्यामुळें पाय खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाहीं. दोन वर्षांचें जुनें तेल घरापासून बाजारापर्यंत कधीं दगा देणार नाहीं, व ट्रॅकवर पांचव्या फेरीस देईल. म्हणून निघण्यापूर्वीं तें बदलून घ्यावें. शेवटची फेरी ब्रेकांना शक्य तितका कमी स्पर्श करून सावकाश मारावी, म्हणजे वाऱ्यानें सर्व निवतें. आणि गाडी आवारांत उभी केल्यावर हातब्रेक ओढूं नये, कारण मागचे ब्रेक अजून तापलेले असतात. पहिला गिअर टाकून चाकाखालीं लाकडाचा ठोकळा सारावा, आणि तासाभरानें टायरांतील हवा मोजून मग घरची वाट धरावी.