हवेचा कुंचला आणि नवशिका चित्रकार

केसांच्या कुंचल्याला कागदाचा स्पर्श करावा लागतो. एअरब्रशला तो लागत नाहीं. दाबलेली हवा टोंकाशीं वेगानें बाहेर पडली म्हणजे तेथील दाब घटतो, रंग ओढला जातो आणि त्याचे सूक्ष्म कण होऊन पृष्ठभागावर बसतात. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत अॅबनर पीलर यानें १८७९ च्या सुमारास असें साधन तयार केलें. छायाचित्रें सुधारणारे कारागीर, जाहिरातींचे चित्रकार आणि आज विमानांच्या व आगगाड्यांच्या प्रतिकृति रंगविणारे हौशी लोक, सर्वांनीं तें आपलेंसें केलें आहे.

नवशिक्याची पहिली चूक खरेदींतच होते. तो सारे पैसे चकचकीत कुंचल्यावर खर्चतो आणि हवेची सोय कशीतरी करतो. वास्तविक पाहतां हवा हाच या कलेचा प्राण होय. हवा दाबणाऱ्या यंत्राला, म्हणजे काँप्रेसरला, सांठ्याची टांकी नसेल तर हवा धक्क्याधक्क्यानें येते व रेघ थरथरते. दाब कमीजास्त करण्याची चावी आणि हवेंतील पाणी अडविणारी गाळणी हीं दोन्हीं हवींतच. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत ही गाळणी नसली, तर रंगाबरोबर पाण्याचे थेंबहि चित्रावर पडतात.

कुंचल्याचे मुख्य प्रकार दोन. एकेरी प्रकारांत कळ दाबली कीं हवा व ठरीव रंग एकदमच येतात. दुहेरी प्रकारांत कळ खालीं दाबल्यानें हवा आणि मागें ओढल्यानें रंग येतो. दुसरा शिकण्यास कांहीं दिवस लागतात, परंतु रेघ बारीक वा जाड करणें बोटांच्या स्वाधीन राहतें. म्हणून आरंभापासून तोच घेणें हिताचें. वर पेला असलेल्या कुंचल्यांत रंग आपल्या भारानें उतरतो, त्यामुळें थोडा रंग व कमी दाब पुरतो. ०.३ मिलिमीटर छिद्राची टोंटी बहुतेक कामांस चालते.

पाण्यांत मिसळणारे अॅक्रिलिक रंग घरांत सोयीचे. रंग दुधाइतका पातळ करावा आणि दाब दर चौरस इंचास १५ ते २० पौंड ठेवून आरंभ करावा. रंग दाट राहिला तर टोंटी तुंबते, फार पातळ झाला तर कागदावर ओघळतो.

रंगाला वास नाहीं म्हणजे धोका नाहीं, असें मात्र मुळींच नव्हे. तरंगणारे कण फुफ्फुसांत जातात. नाकावर बांधलेला रुमाल ते अडवीत नाहीं. कण गाळणारा मुखवटा वापरावा व खिडकी उघडी ठेवावी. कॅडमियमयुक्त रंग फवारूंच नयेत. ज्वालाग्राही द्रव्यांत कालविलेले रंग पेटत्या शेगडीजवळ कदापि वापरूं नयेत. त्यांच्या वाफेसाठीं मुखवट्याची गाळणीहि निराळी लागते.

काम संपतांच कुंचला धुवावा. सुईचें टोंक एकदां वांकलें कीं फवारा तिरका जातो, आणि पुष्कळदां दोष हाताचा समजून उमेदवार निराश होतो. पहिले पंधरा दिवस जुन्या वर्तमानपत्रांवर ठिपके व रेघा काढण्यांत गेले, तर ते वायां गेले असें समजूं नये. हात याच रद्दीवर तयार होतो.